लेकाला फुटबॉल खेळायचाय (अमेरिकन, डोकी आपटणारा)

रानजाई
१२ मे २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

लेक बारा वर्षांचा आहे. ऑगस्टमध्ये सातवीत जाईल. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो आणि टेक्सासात सातवी म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. शाळेचा फुटबॉल तिथून सुरू होतो. गेल्या आठवड्यात पठ्ठ्या फॉर्मांचा गठ्ठा घेऊन घरी आला. त्यात तब्येत तपासणीचा फॉर्म, विम्याचा फॉर्म आणि एक कन्कशनचा. डोक्याला मार लागल्याची लक्षणं काय, तसं झालं तर लगेच खेळ थांबवणार, डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत मैदानात नाही, हे सगळं वाचलं आणि समजलं म्हणून आईबापांनी सही करायची. टेक्सासने २०११ साली तसा कायदाच केलाय.

बाकीच्या सह्या मी भाजी परतता परतता केल्या. या फॉर्मवर मात्र पेन टेकेना.

कोचांना जाऊन भेटले. माणूस भला आहे, मुलांवर जीव आहे त्याचा. म्हणाले, हल्लीची हेल्मेटं फार सुधारली आहेत, काळजी करू नका. नवरा म्हणतो, आम्ही लहानपणी आंब्यावरून पडलो, विहिरीच्या काठावर डोकी फोडून घेतली, काय झालं आम्हाला? (काय झालं याबद्दलचं माझं मत मी राखून ठेवते.)

मला दोनच गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एवढं जाड हेल्मेट असताना आत नक्की बिघडतं काय? आणि ज्यांच्या घरातली मुलं खेळली आहेत, त्यांनी कसं ठरवलं?

'अजिबात घालू नको' एवढंच लिहायचं असेल तर नका लिहू. तो सल्ला सासूबाईंनी सांगलीहून फोनवर फुकट दिलेला आहे.

---

बाळबोध
१२ मे, रात्री ११:०२

बुद्धिबळाला घाला. धागा बंद करा. दिवे घ्या.

---

पिवळाटॉवेल
१२ मे, रात्री ११:५५

पिट्सबर्गमध्ये बावीस वर्षं काढली. स्टीलर्सची, म्हणजे इथल्या फुटबॉल संघाची, मॅच असली की अख्खं स्टेडियम पिवळे टॉवेल फिरवतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा जेजुरीच्या पायऱ्या आठवल्या होत्या, फक्त भंडारा तेवढा उधळायचा बाकी. तेव्हा मी या खेळाचा शत्रू नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पण या विषयाची सुरुवात आमच्याच गावातली आहे, म्हणून लिहितो. माइक वेब्स्टर हा स्टीलर्सचा सेंटर. म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे (डाव चालवणाऱ्याकडे) देणारा आणि देताक्षणी समोरच्या धिप्पाड गड्याला डोक्याने-खांद्याने भिडणारा. जवळजवळ प्रत्येक डावाला हेच. १७ हंगाम खेळला, चार सुपर बोल (हंगामाचा अंतिम सामना) जिंकला. 'आयर्न माइक' म्हणायचे त्याला. निवृत्तीनंतर माणूस हळूहळू विस्कटत गेला. विसरायचा, भडकायचा, संसार मोडला, कित्येक रात्री स्वतःच्या पिकअप ट्रकमध्ये झोपायचा. पडलेले दात सुपरग्लूने चिकटवायचा म्हणतात. सप्टेंबर २००२ मध्ये गेला, वय फक्त ५०.

शवविच्छेदन करायला आला बेनेट ओमालू, नायजेरियातून आलेला तरुण पॅथॉलॉजिस्ट. त्याला फुटबॉलचा गंध नव्हता. वेब्स्टर कोण हेही त्याला ठाऊक नव्हतं. मला वाटतं ते बरंच झालं, पिट्सबर्गच्या माणसाचा हात थरथरला असता. मेंदू वरून बघितला तर नॉर्मल. तिथे फाइल बंद करता आली असती. पण जिवंतपणी या माणसाचे एवढे हाल झाले आणि मेंदू इतका स्वच्छ कसा, हे त्याच्या डोक्यातून जाईना. त्याने मेंदू राखून ठेवला आणि पदरचे पैसे घालून पातळ काप करून घेतले. त्यात टाउ नावाच्या प्रथिनाच्या गाठी दिसल्या. मुष्टियोद्ध्यांमध्ये हा प्रकार १९२८ पासून माहीत होता, 'पंच ड्रंक' म्हणायचे. फुटबॉलपटूत कोणी असा दाखवला नव्हता. २००५ मध्ये त्याने निबंध छापला.

त्यावर लीगचं उत्तर काय? एनएफएलने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगने, १९९४ मध्ये मेंदूच्या 'सौम्य' इजांसाठी एक समिती नेमली होती. तिचा अध्यक्ष सांधेदुखीचा डॉक्टर! त्या समितीतल्या लोकांनी पत्र लिहून निबंध मागे घ्या म्हणून मागणी केली. आणि मौज अशी की त्याच लीगच्या निवृत्तिवेतन मंडळाने १९९९ मध्येच वेब्स्टरचं अपंगत्व डोक्याच्या मारामुळे आलंय असं मान्य करून टाकलं होतं. उजव्या हाताचं डाव्या हाताला माहीत नव्हतं, की माहीत होतं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

दर रविवारी बघतो मी अजून. लाइनमन भिडले की हल्ली बायको माझ्याकडे बघते.

---

कवठीचाफा
१३ मे, सकाळी ६:२०

रानजाई, मी पुनर्वसन विभागात डॉक्टर आहे, डोक्याला मार लागलेले रुग्ण रोज बघते. तुमच्या पहिल्या प्रश्नापुरतं लिहिते.

जून नारळ घ्या, आतला गोटा सुटलेला. कानाशी धरून हलवा. आत खुळखुळतं, पण करवंटीवर ओरखडाही नसतो. आता तोच नारळ जाड सोडणासकट हलवा. खुळखुळ थांबते का? हेल्मेट म्हणजे सोडण. करवंटी फुटू नये म्हणून ते आहे आणि ते काम ते चोख करतं. साठच्या दशकात या खेळात मुलं कवटी फुटून, मेंदूत रक्तस्राव होऊन मरायची. १९६८ चा हंगाम फारच वाईट गेला. मग हेल्मेटांची मानकं ठरवणारी संस्था निघाली, १९७६ मध्ये डोकं पुढे करून घुसण्यावर बंदी आली आणि ते मृत्यू खूपच कमी झाले. तेव्हा कोच खोटं बोलत नाहीत. तुम्ही विचारलंत एक आणि त्यांनी उत्तर दिलं दुसऱ्याचं.

नारळाच्या उपमेत एक दुरुस्ती. मेंदू गोट्यासारखा टणक नसतो, खरवसासारखा असतो. धावतं शरीर अचानक थांबतं किंवा डोकं गर्रकन फिरतं, तेव्हा हा खरवस ताणला जातो, पिळला जातो. त्यातले बारीक तंतू ओढले जातात. कन्कशन म्हणजे हेच. सीटी स्कॅनमध्ये ते दिसत नाही. स्कॅन करतात तो रक्तस्राव नाही ना हे बघायला. 'स्कॅन नॉर्मल आला, म्हणजे काही झालं नाही' हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकते.

आता खरी मेख. सगळ्यांचं लक्ष कन्कशनवर असतं, कारण ते दिसतं. मुलगा पडतो, झोकांड्या खातो, स्ट्रेचर येतं. पण सीटीई, म्हणजे वेब्स्टरला झालेला आजार, कन्कशनच्या संख्येशी तितकासा जुळत नाही. २०२३ मध्ये ६३१ खेळाडूंच्या मेंदूंवरचा अभ्यास आला. आयुष्यभरात डोक्यावर बसलेल्या सगळ्या धक्क्यांचा एकूण जोर किती, याच्याशी आजार जास्त जुळला. म्हणजे जे धक्के कोणी मोजत नाही, ज्यांनी चक्करही येत नाही, ते साठत जातात. त्याआधी २०१९ च्या अभ्यासात खेळलेल्या दर वर्षामागे शक्यता ३० टक्क्यांनी वाढताना दिसली होती. म्हणून 'त्याला कधी कन्कशन झालं नाही' हे ऐकून मी निश्चिंत होत नाही. 'किती वर्षं खेळला आणि कुठल्या जागी' हे विचारते.

आणि सीटीईचं खात्रीचं निदान आज तरी मेल्यावरच होतं.

---

रानजाई
१३ मे, सकाळी ७:०५

चाफा, खरवस वाचून पोटात कालवलं, पण समजलं. आजवर कोणी असं सांगितलं नव्हतं.

म्हणजे मी ज्या फॉर्मवर अडलेय, तो मोठ्या धक्क्याबद्दलच बोलतो. छोट्यांबद्दल त्यात ओळही नाही. आत्ता परत काढून वाचला.

---

ठोंब्या
१३ मे, सकाळी ९:३०

जरा दुसरी बाजू मांडतो, नाहीतर धाग्याचं शोकसभेत रूपांतर होईल.

'१११ पैकी ११० एनएफएल खेळाडूंना सीटीई' हा २०१७ चा आकडा आता कोणीतरी आणणारच, म्हणून मीच आणतो. ते मेंदू दान आलेले होते. दान कोण करतं? ज्यांच्या घरच्यांना काहीतरी बिनसलंय अशी शंका असते ते. गॅरेजात उभ्या गाड्या मोजून 'गावातल्या ९९ टक्के गाड्या बिघडलेल्या' म्हणण्यापैकी आहे हे. शिवाय तिथले बहुतेक लोक दहा-वीस वर्षं खेळलेले. रानजाईंचा मुलगा फार तर दोन वर्षं खेळेल आणि बहुतेक बाकावर बसेल. (राग मानू नका, आपल्या पोरांचं वजन माहीत आहे.)

आणि जोखीम कशात नाही? तुमचे अहो गावी जातात तेव्हा विनाहेल्मेट मोटारसायकलवर मागे कोणाला बसवून फिरतात, ते विचारा.

---

कवठीचाफा
१३ मे, दुपारी १२:१५

ठोंब्या, गॅरेजचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. अभ्यास करणारे स्वतःही तेच सांगतात. त्या आकड्यावरून 'खेळणाऱ्या ९९ टक्के लोकांना होतो' असं म्हणणं चूकच.

पण मग दुसरीकडून बघा. निवृत्त खेळाडूंनी लीगवर खटला भरला तेव्हा किती पैसे लागतील याचा अंदाज लीगच्याच विमागणितज्ञांनी काढला. २०१४ मध्ये तो कोर्टात उघड झाला. माजी खेळाडूंपैकी साधारण दहात तिघांना स्मृतिभ्रंशासारखे आजार होतील, तेही सर्वसाधारण लोकांपेक्षा कमी वयात. हे गॅरेजवाल्याने काढलेलं गणित नाही, गाडी विकणाऱ्याने काढलेलं आहे.

आणि दोन वर्षं, बाकावर, वगैरे. तिशीच्या आत गेलेल्या १५२ खेळाडूंच्या मेंदूंपैकी ६३ मध्ये सीटीईच्या खुणा मिळाल्या, बहुतेक सुरुवातीच्या टप्प्यातल्या. त्यातले बरेच कधीच व्यावसायिक झाले नव्हते. हेही दान आलेलेच मेंदू, मान्य. पण 'हा म्हातारपणचा आजार' ही समजूत तरी त्याने मोडते.

मोटारसायकलबद्दल अनुमोदन.

---

कलमदान
१३ मे, दुपारी २:४०

खटल्याचा विषय निघालाच आहे म्हणून. साडेचार हजारांहून जास्त माजी खेळाडू होते त्यात. २०१३ मध्ये ७६.५ कोटी डॉलरवर तडजोड ठरली. फिलाडेल्फियाच्या न्यायाधीश अनिता ब्रॉडी यांनी हे पैसे पुरतील कशावरून, म्हणून ती अडवली. मग वरची मर्यादा काढली आणि २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. आतापर्यंत एक अब्ज डॉलरच्या वर गेलेत. दोष कबूल केलेला नाही, अर्थातच.

पण ज्याने माझं डोकं फिरलं ते पुढचं. भरपाईसाठी खेळाडूची बुद्धी किती घसरली हे मोजायचं. घसरली म्हणजे मूळ पातळीपासून. आणि ही मूळ पातळी कृष्णवर्णीयांसाठी आधीच खाली धरायची! म्हणजे चाचणीत दोघांना सारखेच गुण पडले तरी गोरा 'आजारी' आणि काळा 'होताच तसा'. ज्या खेळात बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय, तिथे हे. केव्हिन हेन्री आणि नजे डेव्हनपोर्ट या दोन माजी खेळाडूंनी २०२० मध्ये कोर्टात धाव घेतली, तेव्हा कुठे २०२१ मध्ये लीगने ही पद्धत सोडतो म्हणून सांगितलं.

रानजाई, तुमच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध नाही. पण 'लीग आता बदलली आहे' असं कोणी सांगितलं तर तारखा बघा, एवढंच.

---

पुणेरीपाटी
१३ मे, संध्याकाळी ६:१०

क्रिकेट सोडून लोक असले खेळ का खेळतात? असो.

---

शॉर्टलेग
१३ मे, संध्याकाळी ७:२५

पाटीराव, क्रिकेट म्हणजे काय दुलई आहे का? नरी कॉन्ट्रॅक्टर भारताचे कर्णधार होते. १९६२ मध्ये बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर बसला, शस्त्रक्रिया झाल्या, रक्त द्यायला फ्रँक वॉरेल उभा राहिला. जीव वाचला पण भारताकडून परत खेळले नाहीत. रमण लांबा १९९८ मध्ये ढाक्याला शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभा राहिला आणि तीन दिवसांत गेला. २०१४ मध्ये फिल ह्यूजेस. डोक्याला मार लागलेल्याच्या जागी बदली खेळाडू, हा नियम करायला क्रिकेटला २०१९ उजाडलं.

आणि त्या नियमाचं आपण काय केलं ते यंदा ३१ जानेवारीला पुण्यातच पाहिलंत की. शिवम दुबेच्या हेल्मेटला चेंडू लागला आणि त्याच्या जागी आला कोण, तर हर्षित राणा! फलंदाजी करणाऱ्या अष्टपैलूच्या जागी निखळ वेगवान गोलंदाज. येऊन तीन बळी घेतले. बटलर चिडला त्यात नवल नाही. मी गहुंज्यालाच होतो, ओरडतही होतो. दुबेचं डोकं कसं आहे हे त्या रात्री माझ्या आसपास कोणी विचारलेलं आठवत नाही. मीसुद्धा नाही.

---

बाळबोध
१३ मे, संध्याकाळी ७:४०

अवांतर: २०१२ च्या सुमारास एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया नावाचं प्रकरण निघालं होतं, हाच अमेरिकन फुटबॉल. त्यात 'पुणे मराठाज' नावाचा संघ होता. कोणाला आठवतो का? मला वाटायचं स्वप्नात पाहिला.

---

पुणेरीपाटी
१३ मे, संध्याकाळी ७:५२

नाही. आणि आठवला असता तरी सांगितलं नसतं.

---

मधलीसुट्टी
१४ मे, रात्री १:१०

हाय. माझं मराठी आईचं ऐकून आलेलं आहे, लिहिताना चुका होतील. हा धागा आईनेच पाठवला. मी ओहायोत वाढलो, हायस्कूलला तीन सीझन लाइनबॅकर होतो, म्हणजे बचावातला. आता ३१ वर्षांचा आहे.

आधी चांगलं सांगतो, कारण ते कोणी लिहिलं नाही. शाळेत मी एकटाच ब्राउन. नाव कोणाला बोलता यायचं नाही. टीममध्ये गेल्यावर दोन महिन्यांत ४० मुलं माझं पूर्ण नाव ओरडायची, 'ळ' सकट जवळजवळ. शुक्रवारी रात्री लाइट लागले की अंगावर काटा यायचा. ते मला दुसऱ्या कशाने मिळालं नसतं. तुमचा मुलगा जे मागतो आहे ते बहुतेक हे आहे. डोकं आपटायला कोणी जात नाही.

आता बाकीचं. सीझनच्या आधी कॉम्प्युटरवर एक टेस्ट असते, आठवण आणि स्पीडची. मार लागल्यावर परत घेतात आणि तुलना करतात. आम्ही पहिली टेस्ट मुद्दाम हळू द्यायचो. म्हणजे नंतर खरंच हळू झालो तरी कळू नये. हे आम्हाला मोठ्या मुलांनी शिकवलं.

ज्युनियर इयरला, म्हणजे अकरावीत, एका किकऑफला (खेळ सुरू करताना लांब चेंडू मारतात तेव्हा) समोरून एक मुलगा आला. दोघं फुल स्पीड. लाइट पांढरे झाले. आम्ही म्हणायचो, घंटा वाजली. ट्रेनरने विचारलं, मी म्हणालो फाइन. पुढचे दहा मिनिट मला आठवत नाहीत. सोमवारी व्हिडिओत पाहिलं. त्यात मी चांगला खेळलो. दोन टॅकल, म्हणजे दोघांना पाडलं. कोचने सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी बसलो होतो आणि बघत होतो, हा कोण आहे?

प्रॅक्टिस त्याहून वाईट. दोन मुलं समोरासमोर उभी करायची, अरुंद जागा, शिट्टी वाजली की भिडायचं. ओक्लाहोमा ड्रिल म्हणतात. एनएफएलने २०१९ मध्ये बंद केलं. आमच्याकडे दर मंगळवारी होतं. कवठीचाफा ताई छोटे धक्के म्हणतात ते मोजायचे तर मंगळवार मोजा, शुक्रवार नाही.

आता मी ठीक आहे. चावी विसरलो की पाच मिनिट भीती वाटते, मग वाटतं सगळेच विसरतात.

सॉरी आई, त्या किकऑफचं तुला सांगितलं नव्हतं.

---

मधलीसुट्टीची आई
१४ मे, सकाळी ६:४५

वाचलं. फोन करते.

---

पिवळाटॉवेल
१४ मे, सकाळी ८:००

_/\_

---

ठोंब्या
१४ मे, सकाळी ९:१५

मधलीसुट्टी, दंडवत. कालचा बाकावरचा विनोद मागे घेतो.

तरी एक विचारतो, वाद म्हणून नाही. नियम बदललेत ना? २०२४ मध्ये एनएफएलने किकऑफच बदलला, दोन्हीकडची मंडळी आता लांबून धावत येऊन आदळत नाहीत. त्या हंगामात नोंदलेली कन्कशन्स १८२, मोजणी सुरू झाल्यापासून सगळ्यात कमी. सरावात हेल्मेटवर ती गुबगुबीत टोपी असते. टेक्सासात शाळेच्या मुलांना पूर्ण भिडण्याचा सराव आठवड्याला ९० मिनिटांच्या वर करता येत नाही. हे काहीच नाही का?

---

कवठीचाफा
१४ मे, दुपारी १:३०

काहीच नाही असं कोण म्हणेल? हे होण्यासाठी लोकांनी फार किंमत मोजलीय. वॉशिंग्टन राज्यातल्या झॅकरी लिस्टेडला २००६ मध्ये, तेराव्या वर्षी, पहिल्या अर्ध्यात डोक्याला मार लागला. दुसऱ्या अर्ध्यात तो परत मैदानात उतरला आणि सामन्यानंतर कोसळला. पुढे बोलायला, गिळायला सगळं नव्याने शिकावं लागलं. त्याच्या नावाचा कायदा २००९ मध्ये झाला आणि २०१४ पर्यंत पन्नासही राज्यांत तसे कायदे आले. रानजाई, तुमच्या ओट्यावर पडलेला फॉर्म त्याच वंशावळीतला. म्हणून त्याला कमी लेखू नका. पहिला धक्का बरा व्हायच्या आत दुसरा बसणं वाढत्या वयात घातक ठरू शकतं, आणि तो फॉर्म तेच थांबवतो.

पण नियम पाळणारी माणसंच असतात. २०२२ मध्ये मायामीचा क्वार्टरबॅक टुआ टागोव्हायलोआ रविवारी सगळ्यांदेखत झोकांडला. पाठीचं दुखणं म्हणून परत खेळला आणि चार दिवसांनी गुरुवारी सिनसिनाटीत असा आदळला की पडल्या पडल्या बोटं वेडीवाकडी ताठली. लाखो लोक बघत होते, बाजूला स्वतंत्र तज्ञ बसवलेला होता. नंतर नियम कडक केला. तुमच्या मिडल स्कूलच्या मैदानावर तज्ञ कोण आहे, हे मात्र जरूर विचारा. अॅथलेटिक ट्रेनर सरावालाही हजर असतो की फक्त सामन्याला?

सगळ्यांसाठी, कुठलाही खेळ असो: मार लागल्यावर सारख्या उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, एका डोळ्याची बाहुली मोठी, झटके, उठवूनही नीट न उठणं, यातलं काहीही दिसलं तर थेट इमर्जन्सी. आणि 'झोपू देऊ नका' हा आजीचा नियम: डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल तर झोपू द्या. झोप लागते त्या मेंदूला.

---

फुगडी
१४ मे, दुपारी ३:०५

माझ्या दोन्ही मुली फ्लॅग फुटबॉल खेळतात, एक नववीत आणि एक पाचवीत. कमरेला पट्टे असतात, पाडायचं नाही, पट्टा ओढायचा. पळणं, पास, डावपेच सगळं तेच. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला आहे हा खेळ.

आमच्या डॉक्टरांनी सीडीसीचा (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) २०२१ चा अभ्यास दाखवला होता. ६ ते १४ वयाची मुलं. एका हंगामात डोक्याला बसणारे धक्के टॅकलमध्ये मध्यक ३७८, फ्लॅगमध्ये ८. मी तो कागद फ्रिजवर लावला आणि घरातला वाद संपला.

---

रानजाई
१४ मे, रात्री ९:५०

३७८ आणि ८. बापरे.

मधलीसुट्टी, तुझा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. किकऑफपर्यंत तो मान हलवत होता. 'हा कोण आहे' ला उठून गॅलरीत गेला. बराच वेळ आला नाही. आल्यावर म्हणाला, त्याला नाव ओरडणारी चाळीस पोरं हवी आहेत, ती आपण कुठून आणायची?

याचं उत्तर माझ्याकडे नाही. आंब्यावरून पडलेल्या माणसाकडून इतका नेमका प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं, हेही नमूद करते.

---

संपादक मंडळ
१४ मे, रात्री १०:३०

गहुंजे सामन्यावरचे अकरा प्रतिसाद क्रिकेटच्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया तिथे भांडावे.

---

रानजाई
४ जून २०२५, रात्री ११:१५

धागा वर काढतेय, कारण दोन-तीन जणांनी विपूत, म्हणजे खासगी निरोपात, विचारलं, काय झालं शेवटी.

ट्रेनरचं विचारलं. सामन्याला असतो, सरावाला 'बहुतेक वेळा'. कोचांना मंगळवारांबद्दल विचारलं. ते जरा थांबले आणि म्हणाले, मॅम, हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. नव्वद मिनिटांचा नियम पाळतात, ते मला खरं वाटलं. त्यांच्या स्वतःच्या मुलाला त्यांनी नववीपर्यंत टॅकल खेळू दिलं नव्हतं, हे त्यांनी निघताना, गाडीपाशी सांगितलं. आधी का नाही सांगितलं म्हणून मला राग आला. मग वाटलं, सांगितलं हेच खूप, त्यांची तर नोकरी आहे.

तर सातवी-आठवी टॅकल नाही. फ्लॅगची लीग बारा मैलांवर आहे, शनिवारी सकाळी. नववीत परत बसून बोलायचं. तेव्हा तो साडेचौदा वर्षांचा असेल, मानेत जरा बळ आलेलं असेल आणि खेळलाच तर वर्षं तरी कमी भरतील. हे काही पक्कं उत्तर नाही, मला माहीत आहे. इतके धक्के चालतात आणि याच्या पुढचे नाहीत, असा आकडा मला कोणी देऊ शकलं नाही. चाफानेसुद्धा नाही, मी तिला विपूत छळून झालंय.

लेक दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, 'यू डोन्ट ट्रस्ट मी.' मी म्हटलं, तुझ्यावर आहे रे, खरवसावर नाही. त्याला कळलं नाही. मग खरवस करून घातला. चीक कुठला मिळायला इथे, चायना ग्रासवाला केला. दोन वाट्या खाल्ल्यान आणि परत खोलीत गेला.

फॉर्म मी फाडणार होते. त्याने काढून घेतला. आता फ्रिजवर चुंबकाने लावलाय आणि सहीच्या जागेवर पेन्सिलीने लिहिलंय, 'ऑगस्ट २०२७'.

---

फुगडी
५ जून, सकाळी ७:३०

आमच्या लीगमध्ये मुलं-मुली एकत्र आहेत आठवीपर्यंत, तुमच्याकडे कसं आहे? आणि माउथगार्ड फ्लॅगलाही लागतो बरं का, दोन घेऊन ठेवा, पहिला पहिल्याच शनिवारी हरवतो.